मॅजिक द गॅदरिंग प्रोफेशनली खेळायचंय? पहिल्या डेकपासून प्रो टूरपर्यंत काय काय करावं लागतं

कार्ड गेमवर करिअर होतं का, हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच. विचारणारे बहुतेक कॉलेजातले किंवा नुकतेच आयटीत लागलेले, पुण्या-मुंबईतले नाहीतर शिकायला जर्मनी-अमेरिकेला आलेले. मी स्वतः जर्मनीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार स्पर्धा खेळतो, दुकानातल्या छोट्या स्पर्धांपासून ते रीजनल चॅम्पियनशिपपर्यंत सगळं बघून झालंय, तेव्हा जे माहितीये ते एकदाच नीट लिहून ठेवतोय. पोकेमॉन आणि यु-गि-ओ पण मोठे खेळ आहेत पण त्यांची सिस्टीम वेगळी, हा लेख फक्त मॅजिकबद्दल आहे.

## १. आधी पैशाचं खरं चित्र बघा

हे सगळ्यात आधी लिहितोय कारण बाकीचे सगळे निर्णय ह्यावर उभे आहेत. मॅजिकमध्ये आज कोणालाही खेळायचा पगार मिळत नाही.

खेळ आला १९९३ मध्ये, रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञाने बनवला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने काढला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर, म्हणजे निवडक खेळाडूंची सगळ्यात वरच्या पातळीची स्पर्धा, झाली आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं की ह्या खेळावर पोट भरता येतं. काही वर्षं ते थोडंफार खरं पण होतं. प्लॅटिनम ह्या सगळ्यात वरच्या लेव्हलच्या खेळाडूंना प्रो टूरला नुसतं हजर राहायचे ३,००० डॉलर मिळायचे. मग एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने अचानक जाहीर केलं की आता २५० मिळणार. खेळाडू इतके भडकले की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला, पण ज्याने त्या वर्षीचं सगळं बजेट त्या पैशावर लावलं असेल त्याची त्या दिवसांत काय हालत झाली असेल विचार करा. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये मॅजिक प्रो लीगची घोषणा झाली, ३२ खेळाडू आणि प्रत्येकाला वर्षाला ७५,००० डॉलरचं काँट्रॅक्ट, सगळ्यांना वाटलं आता आला सुवर्णकाळ, आणि मे २०२१ मध्ये सांगितलं की लीग बंद होणार. जगातले सगळ्यात चांगले ३२ जण, आणि त्यांचीसुद्धा नोकरी तीन सीझनच्या आसपास टिकली.

२०२३ पासून प्रो टूर परत सुरू झाली, वर्षाला तीन आणि एक वर्ल्ड चॅम्पियनशिप. प्रो टूरचं एकूण बक्षीस ५ लाख डॉलर, त्यात पहिल्याला ५०,०००. वर्ल्डचं एकूण १० लाख, पहिल्याला १ लाख. आकडा मोठा दिसतो पण एका प्रो टूरला अडीचशे-तीनशे खेळाडू असतात आणि बरीचशी रक्कम वरच्या काही जणांकडे जाते. विमानाचं तिकीट आणि हॉटेल बहुतेकांचं पदरचं.

मग हे लोक जगतात कसे? तर तुकड्या-तुकड्यांनी. कोणी कोचिंग घेतं, कोणी लेख लिहितं, कोणी स्ट्रीम करतं, कोणी कॉमेंट्री करतं, कोणी कार्डांचा धंदा करतं आणि बरेच जण सरळ नोकरी करतात. जॉन फिंकेल, ज्याला बरेच लोक सर्वकाळचा सर्वोत्तम खेळाडू मानतात, त्याने २००० साली वर्ल्ड जिंकलं, २००८ मध्ये क्वालालंपूरची प्रो टूर जिंकली, आणि त्याचा मुख्य व्यवसाय हेज फंड आहे. रीड ड्यूक फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाची प्रो टूर जिंकला, त्याआधी कितीतरी वर्षं तो सतत वरच्या पातळीवर खेळत होता, हॉल ऑफ फेममध्ये पण होता, आणि सोबत लिहिणं, शिकवणं चालूच होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: नोकरी किंवा शिक्षण सोडू नका. मॅजिकचं वेगळं बँक खातं काढा, त्यात महिन्याला ठरलेली रक्कम टाका, एन्ट्री फी, कार्डं, प्रवास सगळं त्यातूनच आणि बक्षीस पण त्यातच. सहा महिन्यांनी खातं बघितलं की स्वतःला किती फसवतोय ते कळतं. घरचे म्हणणारच की हा पत्ते कुटत बसतो, त्यांच्याशी वाद घालायच्या ऐवजी ते खातं दाखवा, फार फरक पडतो.

## २. खेळ शिकायला एक रुपया घालवू नका

मॅजिक अरीना मोबाईल आणि पीसीवर फुकट आहे. ट्यूटोरियल करा, सुरुवातीचे तयार डेक (खेळायचे कार्डांचे संच) मिळतात ते सगळे खेळून बघा. कुठल्या रंगाचा खेळ आवडतो ते कळेल. पाच रंग आहेत: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

इथला मोठा सापळा म्हणजे पॅक उघडणं. अरीनावर गोल्ड जमलं की हात शिवशिवतात, पण स्पर्धेच्या दृष्टीने पॅकपेक्षा ड्राफ्टवर (पॅकमधून एकेक कार्ड निवडून तिथेच डेक बनवायचा प्रकार) खर्च केलेला बरा कारण त्यात कार्डं पण मिळतात आणि खेळणं पण शिकता. वाइल्डकार्ड (ज्याच्या बदल्यात हवं ते कार्ड मिळतं) वाट्टेल तसे उडवू नका, एकच डेक पूर्ण करा.

अरीनाची एक सवय मात्र वाईट लागते. ट्रिगर (कार्डावरचा आपोआप होणारा परिणाम), नियम, कोणाची प्रायोरिटी (आत्ता खेळायची संधी कोणाची), सगळं सॉफ्टवेअर सांभाळतं. टेबलवर बसलात की हे तुमचं तुम्हाला आठवावं लागतं, आणि स्पर्धेच्या पातळीवर स्वतःचा ट्रिगर विसरलात तर तुमच्यासाठी कोणी आठवण ठेवायला बांधील नाही. त्यामुळे महिनाभरात खऱ्या कार्डांवर खेळायला लागा. विझार्ड्सच्या साइटवर स्टोअर लोकेटर आहे, त्यात जवळचं दुकान शोधा. भारतात दुकानं कमी आहेत, मुंबई, पुणे, बंगळुरूचे खेळाडू व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्डच्या ग्रुपवर भेटतात आणि एखाद्या बोर्ड गेम कॅफेत जमतात. परदेशात असाल तर शुक्रवारी संध्याकाळी फ्रायडे नाइट मॅजिकला जा. नवीन गावात ओळखी व्हायला ह्याच्याइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही, भाषा येत नसली तरी कार्ड सगळ्यांना कळतं.

## ३. एक फॉरमॅट धरा आणि ड्राफ्ट सोबत ठेवा

फॉरमॅट म्हणजे कुठली कार्डं चालतात ते ठरवणारा प्रकार. स्टँडर्डमध्ये गेल्या साधारण तीन वर्षांतले सेट चालतात, जुने बाहेर जातात. पायोनियर आणि मॉडर्नमध्ये जुनी कार्डं चालतात, बाहेर जायची भानगड नाही पण डेक महाग. ह्या सगळ्यांत कमीत कमी ६० कार्डांचा डेक, एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं (बेसिक लँड, म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारी साधी लँड कार्डं, सोडून), आणि १५ पर्यंत कार्डांचा साइडबोर्ड, म्हणजे दोन गेमच्या मधल्या वेळात बदलायला बाजूला ठेवलेली कार्डं.

ड्राफ्टमध्ये आठ जण गोल बसतात, प्रत्येकी तीन पॅक, एक कार्ड उचलायचं आणि पॅक पुढे द्यायचं, शेवटी ४० कार्डांचा डेक.

नवीन मुलं ड्राफ्ट टाळतात आणि हे मला अजिबात पटत नाही. प्रो टूरच्या पहिल्या दोन्ही दिवशी सकाळी आधी तीन राऊंड ड्राफ्ट असतो आणि मग पाच राऊंड घरून बांधून आणलेल्या डेकचे. म्हणजे सोळापैकी सहा राऊंड ड्राफ्टचे. तेवढे सोडून दिले तर वर यायचा प्रश्नच येत नाही.

फॉरमॅट निवडताना जवळच्या दुकानात काय खेळतात आणि येत्या सीझनच्या क्वालिफायर कशाच्या आहेत ते बघा. आवडतो म्हणून मॉडर्न डेक बांधला आणि पूर्ण सीझन स्टँडर्डचा निघाला असं सर्रास होतं.

## ४. कार्डं विकत घेताना

सीलबंद बॉक्स घेऊन त्यातून डेक बनत नाही. हवं ते कार्ड एकेक सुटं घ्या. युरोपात कार्डमार्केट, अमेरिकेत टीसीजीप्लेयर. भारतात बाहेरून मागवलं तर कस्टम ड्यूटी लागू शकते, तो हिशोब आधी करा. परदेशातून येणाऱ्या मित्राकडून मागवणं सोपं पडतं.

सापळे तीन आहेत.

पहिला, बॅन. डिसेंबर २०२४ मध्ये मॉडर्नमध्ये द वन रिंग बॅन झालं, त्याच्या आधी ऑगस्टमध्ये नाडू. ही कार्डं चार-चार घेऊन बसलेल्यांना एका सकाळी कळलं की आता ती त्या फॉरमॅटमध्ये खेळताच येत नाहीत. बॅनच्या घोषणेच्या तारखा आधी जाहीर झालेल्या असतात, त्या कॅलेंडरमध्ये टाका आणि तारीख जवळ आली असेल तर ज्या डेकबद्दल सगळे ओरडतायत त्याची महागडी कार्डं घ्यायचं थांबा.

दुसरा, नकली कार्डं. ज्वेलरवाल्यांचं छोटं भिंग घ्या, स्वस्तात मिळतं. कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे ठिपके आहेत त्यातल्या हिरव्या ठिपक्यावर भिंग धरा. खऱ्या कार्डात त्या हिरव्यात चार बारीक लाल टिंबं दिसतात, इंग्रजी एल सारखी मांडलेली. नकलीत ती एकतर नसतात नाहीतर सगळं विस्कटलेलं दिसतं. घेताना जवळचं एक साधं, खात्रीचं कार्ड शेजारी ठेवून बघा, तुलना केली की डोळा लगेच तयार होतो. घरी सरावाला कागदावर छापलेली प्रॉक्सी चालते, अधिकृत स्पर्धेत चालत नाही.

तिसरा, फॉइल. चकचकीत कार्डं वाकतात. साठ साध्या कार्डांत चार वाकलेली असली की डेक हातात घेतल्यावर बोटांना कळतं कुठे काय आहे, आणि जजला पण कळतं. स्पर्धेच्या डेकमध्ये फॉइल ठेवूच नका.

आणि सगळंच विकत घ्यायची गरज नाही. कार्डं उसनी देणं-घेणं ह्या खेळात अगदी नॉर्मल आहे. उसनी घेतलीत तर यादी करून फोटो काढा आणि स्पर्धा संपल्या संपल्या परत करा. ज्याची कार्डं वेळेवर परत येतात त्याला लोक पुढच्या वेळी आख्खा डेक देतात.

## ५. सराव

रोज चार तास अरीनावर मॅच खेळणं म्हणजे सराव नाही, ती करमणूक आहे, चांगली करमणूक आहे पण त्याने एका पातळीच्या वर सुधारणा होत नाही.

आधी थोडं गणित. साठच्या डेकमध्ये एखादं कार्ड चार असेल तर सुरुवातीच्या सात कार्डांत ते किमान एक असण्याची शक्यता साधारण ४० टक्के. तुम्ही पहिले खेळत असाल तर चौथ्या टर्नपर्यंत दहा कार्डं बघता, तेव्हा ती साधारण ५३ टक्के होते. म्हणजे 'माझा डेक हे कार्ड आलं की जिंकतो' असं म्हणताय तेव्हा चौथ्या टर्नला जवळपास निम्म्या गेममध्ये ते आलेलंच नसतं. मग त्या गेममध्ये डेक काय करतो? हा प्रश्न विचारायला लागलात की डेक बांधणं बदलतं. लँडचं पण तसंच, साठमध्ये २४ लँड असतील तर पहिल्या सातात सरासरी २.८ येतात. एक-दोन लँड कमी करून 'अजून एक भारी कार्ड' घालायचा मोह सगळ्यांना होतो, त्याआधी फ्रँक कार्स्टनचे लेख वाचा. हा डच हॉल ऑफ फेमर लँड आणि रंगांचं गणित आकड्यांनी मांडतो, फुकटात आहेत.

आता पुढचा आकडा, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. समजा तुम्ही इतके चांगले आहात की कुठलीही मॅच ६० टक्के वेळा जिंकता, हे फार म्हणजे फार चांगलं आहे. तरी टॉप ८ मध्ये (शेवटच्या आठांची बाद फेरी) पोचल्यावर ओळीने तीन मॅच जिंकायची शक्यता २१.६ टक्केच. पाच वेळा टॉप ८ ला जाल तेव्हा सरासरी एकदा जिंकाल. हे ज्याला आधीपासून माहीत असतं तो हरल्यावर डेक फेकून नवीन घेत नाही. निकालावर जाऊ नका, त्या हातात तेव्हा जे माहीत होतं त्यावर निर्णय बरोबर होता का एवढंच तपासा.

सरावाची पद्धत सांगतो. तीन-चार जणांचा ग्रुप करा, डिस्कॉर्डवर चालेल. मेटामधले (सध्या लोक जे जास्त खेळतात त्यातले) वरचे पाच-सहा डेक वाटून घ्या आणि आपल्या डेकशी प्रत्येकाचे दहा-दहा गेम खेळा, त्यातले निम्म्याहून जास्त साइडबोर्ड केल्यानंतरचे. हे लोक करतच नाहीत. बेस्ट ऑफ थ्रीमध्ये पहिला गेम एकच असतो, दुसरा आणि तिसरा साइडबोर्डचा. ज्या पंधरा कार्डांवर मॅच ठरते ती रात्री उशिरा घाईघाईत भरायची आणि मुख्य डेकवर महिना घालवायचा ह्याला काही अर्थ नाही. प्रत्येक डेकसमोर काय बाहेर, काय आत, हे कागदावर लिहा. पहिले खेळताना वेगळं आणि दुसरे खेळताना वेगळं असू शकतं.

मुलिगनचा, म्हणजे सुरुवातीचा वाईट हात टाकून नवीन घ्यायचा, वेगळा सराव करा. २०१९ पासून लंडन मुलिगन आहे, म्हणजे दरवेळी सात उचलायची आणि जितके मुलिगन तितकी कार्डं डेकच्या तळाशी ठेवायची. मित्राबरोबर बसा, सात कार्डं उघडा, ठेवाल की नाही ते दोघांनी मनात ठरवा आणि मग एकदम सांगा. जिथे उत्तर वेगळं आलं तिथे वाद घाला. अर्ध्या तासात वीस-पंचवीस हात होतात. इतक्या कमी वेळात इतकं शिकवणारा दुसरा प्रकार मला सापडलेला नाही.

ड्राफ्टसाठी सेव्हनटीन लँड्स ही साइट बघा, अरीनावरच्या हजारो ड्राफ्टचा डेटा असतो, कुठलं कार्ड हातात आल्यावर किती जिंकलं जातं ते कळतं. पण आकडे पाठ करून ड्राफ्ट होत नाही. शेजारचा काय सोडतोय ते वाचणं ही वेगळी कला आहे आणि ती खऱ्या टेबलवरच येते.

## ६. शिडी कशी आहे

सगळ्यात आधी विझार्ड्स अकाउंट काढा आणि कंपॅनियन ॲप घ्या, दुकानातली नोंदणी, कोणाशी मॅच, निकाल सगळं त्यावर. पूर्वी डीसीआय नंबर असायचा, जुन्या लेखात तो दिसला तर गोंधळू नका, आता लागत नाही.

मग क्रम असा:

दुकानात रीजनल चॅम्पियनशिप क्वालिफायर होतात, सगळे त्याला आरसीक्यू म्हणतात. ती जिंकली की रीजनल चॅम्पियनशिपचं आमंत्रण. तिथे वरच्या नंबरात आलात की प्रो टूर. प्रो टूरला चांगलं खेळलात की पुढची प्रो टूर, आणि वर्षभर चांगलं खेळलात की वर्ल्ड.

ऑनलाइन रस्ता पण आहे: अरीनावर महिन्याच्या शेवटी मिथिक ह्या सगळ्यात वरच्या लेव्हलमध्ये वरच्या नंबरात राहिलात की क्वालिफायर खेळायला मिळते, तिथून अरीना चॅम्पियनशिप आणि तिथून प्रो टूर. मॅजिक ऑनलाइन हा २००२ पासून चालणारा जुना प्रोग्रॅम, त्याच्या पण क्वालिफायर असतात. भारतात बसून खेळणाऱ्यांसाठी हाच रस्ता जास्त व्यवहारी आहे. फक्त आपल्या देशातून सहभागाची परवानगी आहे का हे प्रत्येक स्पर्धेच्या अटींत वाचा, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ मध्ये कायदा आलाय तेव्हा एन्ट्री फी आणि रोख बक्षीस असलेल्या कुठल्याही साइटवर पैसे भरायच्या आधी नीट चौकशी करा.

परदेशात राहत असाल तर आसपासच्या दोन-तीन शहरांतल्या आरसीक्यूची यादी काढा आणि तिथे किती लोक येतात ते विचारून घ्या. सत्तर जणांच्या स्पर्धेपेक्षा ट्रेनने दोन तासांवरच्या वीस जणांच्या स्पर्धेत जिंकणं कितीतरी सोपं, आमंत्रण मात्र तेच.

## ७. स्पर्धेच्या दिवशी

बॅगेत काय हवं:

- डेक, नव्या अपारदर्शक स्लीव्हमध्ये (कार्डांची प्लास्टिकची कव्हरं), आणि त्याच बॅचचे दहा जास्तीचे स्लीव्ह
- डेकलिस्ट, कार्डांची पूर्ण नावं लिहून
- वही आणि दोन पेन, लाइफ मोजायला
- टोकन, फासे
- साइडबोर्डच्या नोट्सचा कागद
- पाणी आणि खायला काहीतरी, हॉलमधलं खाणं महाग असतं आणि लाइन मोठी
- ओळखपत्र

डेकलिस्ट दोनदा मोजा, मग दुसऱ्याकडून मोजून घ्या. ५९ कार्डं लिहिली गेली तर गेम लॉस मिळू शकतो, म्हणजे एक गेम खेळायच्या आधीच गेला.

स्लीव्ह नवे का, ते सांगतो. २०१९ मध्ये लंडनच्या मोठ्या स्पर्धेत एका हॉल ऑफ फेम खेळाडूच्या ठरावीक कार्डांच्या स्लीव्हवर खुणा सापडल्या, त्याला डिसक्वालिफाय केलं, नंतर बॅन आणि हॉल ऑफ फेममधून पण काढलं. तुमच्या मनात काही नसलं तरी जज स्लीव्ह बघतो, हेतू नंतर. डेक चेकला जज राऊंडच्या सुरुवातीला डेक उचलून नेतो, कार्डं पालथी पसरतो आणि कडा बघतो. जे चार स्लीव्ह घासलेले आहेत ते नेमके एकाच कार्डाचे निघाले तर समजावत बसायला लागतं. दुपारी जेवणाच्या वेळात खराब स्लीव्ह बदला.

वेळ सांभाळा. राऊंड ५० मिनिटांचा, वेळ संपली की पाच टर्न आणि तरी बरोबरीच असेल तर ड्रॉ. जिंकल्यावर ३ गुण, ड्रॉला १, त्यामुळे ड्रॉ म्हणजे जवळपास हार. समोरचा फार हळू खेळत असेल तर शांतपणे हात वर करून जजला बोलवा, ह्यात उद्धटपणा काही नाही. मराठी मुलं ह्या बाबतीत फार लाजतात, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात आणि ड्रॉ घेऊन येतात. जज बोलावणं हा खेळाचा भाग आहे.

फोन बॅगेत. साइडबोर्डच्या नोट्स गेम चालू असताना बघता येत नाहीत, दोन गेमच्या मधल्या वेळात छोटा कागद बघता येतो आणि पुढचा गेम सुरू व्हायच्या आधी तो नजरेआड करायचा.

आता सगळ्यात घातक सापळा. शेवटचा राऊंड, दोघांपैकी एकालाच टॉप ८ मिळणार, समोरचा म्हणतो 'तू सोड, मी तुला बक्षिसातले अर्धे देतो'. किंवा वेळ संपत आलीये आणि कोणीतरी म्हणतं 'चल फासा टाकून ठरवू'. दोन्ही नियमाच्या बाहेर. निकालाच्या बदल्यात काहीही देऊ करणं म्हणजे लाच, शिक्षा डिसक्वालिफिकेशनपर्यंत जाऊ शकते, आणि ऑफर ऐकून गप्प बसलात तरी तुम्ही अडकता. असं काही कानावर आलं की लगेच जजला बोलवा. दोघांनी ठरवून ड्रॉ घेणं चालतं, कोणी स्वतःहून हार मानली तर चालतं, निकालाशी संबंध न जोडता बक्षीस वाटून घेणं पण चालतं. पण हे शब्द कुठल्या क्रमाने बोलले गेले त्यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून बोलायच्या आधी जजला बाजूला घेऊन विचारा 'आम्ही असं करू शकतो का'. विचारल्याबद्दल कोणालाही शिक्षा होत नाही.

## ८. बाजूची कमाई कधी सुरू करायची

प्रो टूर खेळायच्या आधी पण करता येते. मराठीत किंवा हिंदीत मॅजिक समजावून सांगणारं फार कमी आहे, व्हिडिओ करायला जागा मोकळी आहे. कोचिंग मात्र स्वतःचा काही निकाल हातात असल्याशिवाय घेऊ नका, लोकांचे पैसे आहेत. जजची परीक्षा देणं हा पण चांगला रस्ता आहे, मोठ्या स्पर्धांत जजना मोबदला मिळतो आणि नियम पक्के होतात.

कार्डांची गुंतवणूक म्हणून खरेदी-विक्री हा वेगळाच धंदा आहे, तो खेळाडूच्या बजेटमध्ये मिसळू नका.

## ९. व्हिसा आणि टॅक्स

भारतीय पासपोर्टवर हे सगळ्यात आधी बघायला हवं, खेळाडू सगळ्यात शेवटी बघतात. अमेरिकेचा व्हिसा बी वन-बी टू, डीएस-१६० फॉर्म भरायचा, महाराष्ट्रातल्या लोकांची मुलाखत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये, आणि अपॉइंटमेंटला महिनोन्महिने लागू शकतात. प्रो टूरचं आमंत्रण आल्यावर अर्ज केलात तर स्पर्धा होऊन जाईल. गंभीरपणे खेळायचं ठरवलंत त्याच वर्षी व्हिसा करून ठेवा. मुलाखतीत खरं सांगा, स्पर्धा खेळायला जातोय, बक्षिसाशिवाय कुठलेही पैसे घेणार नाही. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो.

फाइलमध्ये हे ठेवा:

- पासपोर्ट, प्रवासानंतर किमान सहा महिने चालणारा
- आमंत्रणाचं पत्र किंवा ईमेलची प्रिंट
- नोकरीचं पत्र, मंजूर रजेसकट, किंवा कॉलेजचं बोनाफाइड
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग

डेक कायम हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये कधीच नाही. घरून निघायच्या आधी त्याचे फोटो काढून ठेवा, हरवला किंवा परत येताना कस्टमने विचारलं तर उपयोगी पडतात.

टॅक्सचं असं आहे की अमेरिकेत परदेशी माणसाच्या बक्षिसातून सहसा ३० टक्के कापूनच पैसे हातात येतात. डब्ल्यू-८बेन हा परदेशी माणसांसाठीचा टॅक्स फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात परदेशी टॅक्स नंबराच्या जागी पॅन. भारतात राहणाऱ्यांना पत्त्यांच्या आणि इतर खेळांतल्या बक्षिसावर सरळ ३० टक्के टॅक्स, वर सेस, तुमचा स्लॅब कुठला हे इथे बघितलं जात नाही आणि तिकिटाचा-हॉटेलचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. म्हणून बक्षीस मिळालं की तेवढी रक्कम लगेच बाजूला काढा. बाहेर कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट भारतात मागता येतं पण पुरावा लागतो, आणि हे ज्याने आधी केलंय असा सीए शोधा, सोसायटीतल्या प्रत्येक सीएला जमेलच असं नाही. अमेरिकेतला पुरावा म्हणजे १०४२-एस नावाचा फॉर्म, तो पुढच्या वर्षी मार्चच्या सुमारास येतो. तोपर्यंत घर बदललं असेल तर आयोजकाला नवीन पत्ता आधीच ईमेल करून ठेवा.